बाबांसारखं व्हायचं नाही हे ठरलं, पण मग कसं व्हायचं?

मागच्या अंकात आपण तरुण वाचकांना विचारलं होतं की मूल हवं की नको, कधी हवं, हे तुम्ही कसं ठरवताय. पत्रं भरपूर आली, गोव्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून आली, आणि वाचताना सारखं जाणवत होतं की प्रश्न भविष्यातल्या बाळाचा विचारलाय पण अर्धं पत्र आपल्याच आईबाबांवर लिहिलंय. म्हणून यावेळी थोडीच पत्रं घेतलीत आणि उत्तरं जरा सविस्तर दिलीत. ओळख पटू नये म्हणून गावं आणि काही तपशील बदललेत.

प्रश्न: ताई, मी २७ वर्षांची, डिचोली तालुक्यातली, पणजीला नोकरी करते. पुढच्या वर्षी लग्न आहे. मुलगा फोंड्याकडचा, स्वभावाने खूप चांगला, त्यांचं घर मोठं, आजी, काका-काकू, चुलत भावंडं सगळी एकत्र, गणेशचवथीला तर पाय ठेवायला जागा नसते. त्याला दोन मुलं हवीत, तो हे अगदी सहज बोलून जातो, आणि मी विषय बदलते. मला मूल नको. म्हणजे नको की भीती वाटते तेच कळत नाही. माझ्या बाबांचे दोन ट्रक होते मायनिंगवर. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा मी सातवीत होते. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते डोक्यावर, बाबा पिऊन यायला लागले, आईवर ओरडायचे, एकदा जेवणाचं ताट भिरकावलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. आई काजूच्या फॅक्टरीत जायला लागली आणि धाकट्या भावाचं सगळं माझ्यावर आलं, डबा, अभ्यास, तापात रात्रभर बसणं सुद्धा. आता बाबा पीत नाहीत, शांत आहेत, त्या वर्षांबद्दल घरात कोणीच बोलत नाही. मला वाटतं माझं आई होऊन झालंय. हे होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधी सांगू का? आणि बाबांचा राग माझ्यात उतरला असेल तर?

उत्तर: बाय, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण त्याला तारीख आहे. हो, सांग. लग्नाआधीच सांग. पण "मला मूल नको" एवढा निकाल सांगून थांबू नकोस, तू मला जे लिहिलंस ते सगळं सांग, ट्रक, ताट, भावाचा ताप, सगळं. नुसता निकाल ऐकला तर तो वाद घालेल किंवा "होईल सगळं नीट" म्हणून सोडून देईल, आणि मग सहा महिन्यांनी त्याच्या आजीने "गोड बातमी कधी" विचारलं की तू एकटी पडशील. त्याच्या घरात मुलं सहा जणांच्या मांडीवर वाढली असणार, त्यामुळे त्याच्या डोक्यातलं आईबाप होणं आणि तुझ्या डोक्यातलं आईबाप होणं ही दोन वेगळीच कामं आहेत, आणि दोघांनाही वाटतंय आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

आता तुझ्या पत्रात तीन गोष्टी एकमेकीत गुंतल्यात असं मला वाटतं. एक आहे थकवा. दुसरी भीती. आणि तिसरी, जिच्याकडे तुझं लक्ष गेलेलं नाही असं दिसतं, ती म्हणजे बारा वर्षांच्या मुलीने तेव्हा काढलेला निष्कर्ष.

थकवा खरा आहे, त्याला कोणी "आमच्या वेळी सगळ्याच मोठ्या बहिणी करायच्या" म्हणून हलकं करू नये. घरात मदत करण्याने मुलांचं काही बिघडत नाही, उलट चांगलं होतं. बिघडतं कधी, तर मूल मोठ्यांची जबाबदारी घेतं आणि त्याच्याकडे बघायला मात्र कोणी मोठं उरत नाही तेव्हा. भाऊ तापलेला, आई दमून झोपलेली, बाबा शुद्धीत नाहीत आणि तू एकटी पट्ट्या ठेवतेयस, त्या रात्री तुला "तू जेवलीस का" विचारणारं कोणी नव्हतं. त्याला तू "आई होणं" म्हणतेयस. पण तुझ्याकडे तेव्हा पगार नव्हता, डॉक्टरला फोन करायची पत नव्हती, सोबत जागणारा माणूस नव्हता, नाही म्हणायची सोय नव्हती. तू एक संकट एकटीने निभावलंस आणि तुला वाटलं आई असणं हे असंच असतं.

निष्कर्षाचं पण तसंच. मुलं घरात जे चाललंय त्याचं कारण शोधतातच, आणि कारण सापडलं नाही तर ते स्वतःत शोधतात नाहीतर माणसाच्या स्वभावात शोधतात. तुझ्या वयाच्या डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या कितीतरी मुलांनी हे केलं असेल. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाची बंदी आली, २०१४ ला ती उठली, लोकांनी परत आशा धरली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं थांबलं. ज्यांचे ट्रक कर्जावर होते त्यांच्या घरात ही बातमी पेपरात आली तशी नाही आली, ती रात्री साडेनऊला दाराची कडी वाजवत आली. सातवीतल्या मुलीला कोर्ट आणि लीज काय कळणार, तिला एवढंच दिसलं की बायकोमुलं असलेला माणूस चिडतो आणि आई गप्प होते. ते चूक नव्हतं, अर्धवट होतं.

म्हणून माझं सांगणं असं की आता मोठ्या माणसाच्या नजरेने ती वर्षं परत बघ. आईला विचार, शांत वेळ बघून, किती कर्ज होतं, कोणी मदत केली, कोणी केली नाही, बाबांची दारू कशी सुटली, तिला तेव्हा काय वाटत होतं. आई आधी "जाऊ दे ना जुनं" म्हणेल. तरी विचार, एका दिवसात सगळं नको. यात बाबांना माफ करायची काही सक्ती नाही, कारण कळलं म्हणून ताट भिरकावलेलं बरोबर ठरत नाही, आणि कर्ज सगळ्यांवरच होतं, सगळ्यांनी ताटं भिरकावली नाहीत हे पण खरं आहे.

हे विचारून काय होणार असं वाटेल, तर त्यामागे बराच अभ्यास आहे. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या नात्यावर जॉन बोल्बी यांनी १९५० च्या दशकापासून मोठं लिखाण केलं, मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात आणि मग अमेरिकेत आया आणि बाळं प्रत्यक्ष बघून ते पुढे नेलं. पण तुझ्या प्रश्नाला लागू पडतं ते मेरी मेन यांचं काम, १९८० च्या दशकातलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना बसवून लहानपणाबद्दल विचारलं. आईबद्दल पाच शब्द सांगा, बाबांबद्दल पाच शब्द सांगा, आणि मग प्रत्येक शब्दाला एक खरी आठवण सांगा. आणि त्यांनी मुख्य लक्ष दिलं ते लहानपण चांगलं होतं की वाईट यापेक्षा माणूस ते सांगतो कसं यावर. कोणी म्हणतं "माझी आई एकदम प्रेमळ" आणि आठवण विचारली की एकही येत नाही. कोणी तीस वर्षांपूर्वीच्या भांडणात आजही तसंच पेटतं. आणि काही जण खूप वाईट दिवस बघून सुद्धा ते नीट, सलग, स्वतःपासून काही न लपवता सांगू शकतात, त्यात आईबाबांची बाजू पण असते आणि स्वतःचं दुःख पण असतं. या शेवटच्या लोकांची मुलं त्यांच्याजवळ बरीचशी निर्धास्त असलेली दिसली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत हा संबंध आधी वाटला होता तेवढा घट्ट नाही असंही दिसलं, म्हणजे यावरून कोणाचं भविष्य सांगता येत नाही. पण वाईट लहानपण म्हणजे वाईट आई, हे गणित मात्र टिकत नाही, आणि तुला आत्ता तेवढंच हवंय.

तू हे पाच शब्दांचं करून बघ. वहीत लिही, मोबाइलमध्ये नको. बाबांसाठी पाचही शब्द २०१२ नंतरचेच आले तर थांब आणि विचार कर की मी पाचवीत असताना बाबा कसे होते. ट्रकच्या केबिनमध्ये बसवून कधी नेलं होतं का? सगळ्यांच्याच वाट्याला तसं असतं असं नाही, पण असेल तर तेही तुझंच आहे, ते कोणी काढून घेतलेलं नाही.

रागाचं म्हणशील तर १९७५ मध्ये सेल्मा फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशा आयांबद्दल लिहिलं होतं ज्यांचं स्वतःचं लहानपण छळाचं गेलं होतं. त्यांचं निरीक्षण असं होतं की काय काय झालं हे आठवणं पुरत नाही, तेव्हा किती भीती वाटली, किती दुखलं हे ज्यांना आठवत होतं त्या ते आपल्या बाळावर उलटवत नव्हत्या. तुला ताट आठवतं आणि पोटात गोळा येतो ना? येऊ दे. तो गोळाच तुझ्या बाजूचा आहे. ज्याला भीती आठवत नाही, जो म्हणतो "काही नाही, चालायचंच", त्याची मला जास्त काळजी वाटते.

आणि एवढं सगळं करून पण तुला वाटलं की नको, मला मूल नकोच, तर ते पण ठीक आहे, पूर्ण ठीक आहे. तेव्हा ते तू आजची म्हणून म्हणत असशील. होणाऱ्या नवऱ्याला ते मान्य नसेल तर ते लग्नाआधी कळणं दोघांच्याही भल्याचं. एकटीला हे सगळं उकरून काढायचं जड जात असेल, झोप उडत असेल तर बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात ओपीडी आहे, किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन कर, पैसे लागत नाहीत. तिथे जाणारे सगळे वेडे असतात हे आपल्या गावात अजून बोलतात, बोलू दे.

प्रश्न: मी ३१ वर्षांचा, पेडण्याचा, मोपा एअरपोर्टवर शिफ्टमध्ये आहे. बायकोला सातवा महिना आहे, बाळंतपण तिच्या माहेरी वाळपईला. माझे बाबा बोटीवर होते. नऊ-दहा महिने बाहेर, दोन महिने घरी. यायचे तेव्हा चॉकलेटं, बूट, टेपरेकॉर्डर, आणि मी आईच्या मागे लपायचो कारण मला ते अनोळखी वाटायचे. ओळख होईपर्यंत जायची वेळ यायची. आता सगळे मला म्हणतात, तू फक्त पैशाचं बघ, बाकी बायका बघतील. पण मला तसं नको आहे, आणि कसं हवंय ते पण माहीत नाही, कारण मी बघितलेलंच नाही.

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. आपल्याकडे कितीतरी घरांत बाप म्हणजे मनीऑर्डर आणि विमानतळावरची बॅग एवढाच होता, तारवट्यांची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची घरं झाली, गल्फमधली झाली, आणि ती माणसं प्रेम करत नव्हती असं अजिबात नाही, त्यांचं प्रेम बॅगेतून यायचं.

बघितलं नाही म्हणून येणार नाही असं वाटतंय, पण हे काम बघून थोडं आणि करून जास्त येतं, आईला सुद्धा. इस्राएलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या टीमने २०१४ मध्ये बाळ सांभाळणाऱ्या वडिलांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात जे वडील बाळाचं रोजचं सगळं स्वतः करत होते त्यांच्या मेंदूत बाळाला बघून होणारी हालचाल आयांसारखी दिसली. हात लावाल तसं येत जाईल.

पण वाळपईचा जरा विचार करा. पहिले दोन-तीन महिने बाळ तिकडे, तुम्ही पेडण्यात, रविवारी कपडे आणि फळं घेऊन जाणार, तासभर मांडीवर घेणार, रडलं की सासूबाई उचलून नेणार. म्हणजे बोट नाही, पण पद्धत तीच. नाइट शिफ्ट बदलून घेता येते का आत्ताच विचारा, सुट्टी साठवा, आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की मी आठवड्यातून दोन रात्री तरी राहणार आणि रात्री बाळ उठलं तर मी उठणार. थोडं अवघड वाटेल, जावई रात्री लंगोट बदलतोय म्हणून हसतील पण. बाळाला तेल लावायला, आंघोळ घालायला बाई येत असेल तर तिच्याजवळ बसून शिका, पायांवर बाळ कसं धरायचं ते तिच्याइतकं कोणी दाखवणार नाही. सटीच्या, म्हणजे बाळाच्या सहाव्या रात्री नुसते पाहुणे म्हणून जाऊ नका. लशीच्या तारखा तुमच्या मोबाइलमध्ये हव्यात, बायकोच्या नाही.

यात बायकोचाही जीव आहे. म्हापशाच्या एका हॉस्पिटलात बाळंत झालेल्या बायकांचा विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, २००२ मध्ये तो छापून आला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी त्यातल्या २३ टक्के बायकांना डिप्रेशन होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, या गोष्टींशी ते जोडलेलं दिसलं. दुसरी गोष्ट तुमच्या हातात आहे. ती सारखी रडत असेल, झोपायला वेळ मिळूनही झोपत नसेल, बाळात मन लागत नसेल, आणि हे दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर "होतं असं" म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि बाबा आता घरीच असतील तर त्यांना एकदा विचारा, मी जन्मलो तेव्हा तुम्ही कुठल्या समुद्रात होता, कळलं कसं, फोटो कधी बघितलात. असा प्रश्न त्यांना बहुतेक आजवर कोणी विचारलेला नसेल. त्यांच्या बाजूने ती नऊ महिन्यांची ट्रिप कशी होती हे तुम्हाला माहीत नाही, आणि नातवाला मांडीवर कसं घ्यायचं हे त्यांनाही माहीत नसणार, दोघं बरोबरच शिका.

प्रश्न: मला लहानपणी बाबांनी पट्ट्याने मारलं, मास्तरांनी पण मारलं, म्हणून आज मी सरळ आहे, चांगली नोकरी आहे. बायको म्हणते आपल्या मुलाला हात लावायचा नाही. हे फॅड नाही का? (मडगाव, वय ३३)

उत्तर: फॅड नाही. २०१६ मध्ये एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पन्नास वर्षांचे अभ्यास एकत्र करून बघितले, सुमारे १,६०,००० मुलांची माहिती त्यात होती. चापट मारण्याने मुलं जास्त ऐकतात असं दिसलं नाही, उलट आक्रमकपणा आणि मनाचे त्रास यांच्याशी त्याचा संबंध दिसला. शाळेत मारायला तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदीच आहे. तुम्ही सरळ झालात ते कष्टाने, अकलेने, कदाचित आईने रात्री पाठीला हळद लावली म्हणून झालात, त्याचं श्रेय पट्ट्याला कशाला देता. पट्ट्याचा आवाज आठवून सांगा, त्या वेळी बाबांबद्दल काय वाटत होतं? तुमच्या मुलाला तुमच्याबद्दल तसं वाटावं असं तुम्हाला नको असणार, म्हणूनच तुम्ही हा प्रश्न पाठवलात असं मला वाटतं. बायको बरोबर आहे.

प्रश्न: मी ५९ वर्षांची, फोंडा. मुलगा आणि सून बंगळुरूला, लग्नाला पाच वर्षं झाली. नातवंडाचं विचारलं तर मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघं आयुष्यभर भांडलात, ते बघून मला मूल नकोच वाटतं." मी दोन दिवस जेवले नाही. आम्ही त्याला काय कमी केलं? शिक्षण, कपडे, सगळं दिलं.

उत्तर: ताई, तुम्ही दिलं ते त्याला माहीत आहे, आणि त्याने सांगितलं ते पण खरं आहे, दोन्ही एकाच घरात घडलं. तो हे तुम्हाला दुखवायला बोलला असता तर पाच वर्षं थांबला नसता.

सगळा भार मात्र तुमच्या भांडणांवर घेऊ नका. घरभाडं, दोघांची नोकरी, सांभाळायला जवळ कोणी नाही, ही कारणं बंगळुरूत पण आहेत आणि इथे पण आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातला जननदर १.३ आला होता, म्हणजे एका बाईमागे सरासरी दीड मूल सुद्धा नाही. तुमच्या वाड्यावरच बघा ना, किती घरांत पाळणा हलतोय.

त्याला फोन करा आणि "आम्ही काय कमी केलं" हे वाक्य बोलू नका, कितीही ओठांवर आलं तरी. त्याऐवजी विचारा, तुला तेव्हा काय दिसायचं, तू कुठे जाऊन बसायचास. मग तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. काही आठवणी तुमच्यापेक्षा वेगळ्या असतील, त्या दुरुस्त करायला जाऊ नका. तुम्हाला जे खरंच वाईट वाटतं ते एका वाक्यात सांगा, "तू दाराआड उभा असायचास हे मला कळायचं आणि मी गप्प बसले" असं काही असेल तर तेच सांगा. यजमानांना लगेच फोन देऊ नका, त्यांचं त्यांना बोलावंसं वाटेल तेव्हा बोलू द्या. सुनेला यात ओढू नका, तिच्याही घरी काहीतरी असेलच जे ती तुम्हाला सांगणार नाही.

नातवंडाचा विषय तुमच्याकडून परत नको. चवथीला ते घरी येतील तेव्हा शेजारच्या बायका विचारतील, तेव्हा उत्तर तुम्ही द्या, त्यांच्यावर सोडू नका.